ओकचे चार भाग

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या लाटीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, सागाचे ओंडके नेहमी येतात. ओक क्वचित. हा परदेशी, अवाढव्य ओंडका हजीऱ्याच्या बंदरातून ट्रेलरवर आला तेव्हा क्रेनवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या आरा मशीनकडे पाहिलं आणि विडी पेटवली.

गिऱ्हाईक फर्निचरवाला होता. त्याला मोठ्या टेबलासाठी फळ्या हव्या होत्या, सुरतच्या दमट हवेत न वाकणाऱ्या. अशा फळ्यांसाठी ओंडका एका बाजूने सरळ कापत जाता येत नाही. आधी त्याचे उभे चार भाग करायचे. मग प्रत्येक भागातून गाभ्याच्या दिशेने एक फळी काढायची, भाग उलटायचा, दुसऱ्या बाजूने एक काढायची, पुन्हा उलटायचा. लाकूड जास्त वाया जातं आणि माणसं लवकर थकतात.

मी सगळं आखून ठेवलं होतं. नवी पाती, जास्तीचे हमाल, जेवण लवकर, फळ्या रचायला सावलीची जागा. मशीनच्या दांड्यावर, म्हणजे ओंडक्याची ट्रॉली पात्याकडे ओढायला, दीर; नवरा नुसता देखरेखीला. त्यांचा उजवा खांदा बरेच दिवस धड वर जात नव्हता. मशीन सोडा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात दुसऱ्या कशावरून वाद उरला नव्हता.

आमच्याकडची माणसं बहुतेक खानदेशातली, इथेच जवळ डिंडोलीत राहणारी. त्यांचा एक रिवाज आहे. मोठ्या ओंडक्यापुढे ज्याने नारळ फोडला, त्यानेच तो संपवायचा. मध्येच दुसऱ्याने दांडा धरला तर पातं तुटतं म्हणतात. त्या सकाळी मी ऑफिसात ट्रेलरवाल्याशी बोलत होते. बाहेर आले तर खोबरं वाटणं चाललेलं आणि करवंटी नवऱ्याच्या हातात.

"अहो, भाऊजी फोडणार होते ना?"

"मी काय पाहुणा आहे? खोबरं घे."

दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही सगळं आखलंत, फक्त दादाला आखायचं राहिलं."

चार भाग होईपर्यंत दुपार झाली. पहिल्या भागाच्या फळ्यांवर चंदेरी पट्टे उमटले. हमालसुद्धा हात फिरवून बघत होते. नवऱ्याने मात्र बघितलं नाही. दुसऱ्या भागाला ते दांडा डाव्या हाताने ओढायला लागले. मी पाणी घेऊन गेले.

"आता भाऊजींना द्या."

"रिवाज मोडू?"

"मग खांदा मोडा."

पाणी पिऊन त्यांनी तांब्या परत दिला.

तिसऱ्या भागात ट्रॉली अर्ध्यावर थांबली. त्यांनी ती कशीबशी मागे घेतली आणि मशीन बंद केलं. भुसा खाली बसेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मशीनचा मिस्त्री पातं बघत राहिला, दीर स्वतःचे बूट. मालकाला बाजूला हो म्हणायची कोणाची तयारी नव्हती आणि माझं म्हणून झालं होतं.

"अरे, दुसरा नारळ आण," ते दिराला म्हणाले.

"राहू दे दादा. पातं गार होऊ दे, मग बघू."

"पात्याला काही झालेलं नाही. आण, आणि तू फोड."

दिराने नारळ फोडला आणि दांडा धरला. नवरा ऑफिसात येऊन माझ्या खुर्चीवर बसला, उजवा हात मांडीवर ठेवून. हेच व्हावं म्हणून मी किती दिवस भांडले होते. हलकं वाटेल असं धरून चालले होते. प्रत्यक्षात पाय दुखत होते आणि चौथा भाग अजून तसाच पडला होता.

मशीन पुन्हा सुरू झालं.

"केवढा आवाज येतो गं इथे," ते म्हणाले. "तुला फोनवर ऐकू कसं येतं?"

"येत नाही," मी म्हटलं आणि फळ्या रचून घ्यायला बाहेर गेले.