जिभेवरचं कापड

मुलीनं वडिलांना अत्तर आणलं. खोक्यावर लाकूड कोरणाऱ्या हातांचं चित्र आणि खाली मजकूर: कारागिरांच्या परंपरेतून घडलेला, खास पुरुषांसाठीचा गंध. लवंग, मिरी, देवदार. मी हुंगून पाहिलं. चांगलं होतं, सुताराच्या दुकानात कुणी मसाला कुटत बसल्यासारखं. माझा नवरा पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या मिलमध्ये, कलर मास्तर आहे, म्हणजे तेही कारागीरच. पण त्यांच्या शर्टाला येणारा ॲसिडचा आणि ओल्या पॉलिएस्टरचा वास कुणी बाटलीत भरणार नाही. तो मी भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत रोज धुऊन काढते.

पुतणीच्या लग्नाला निघताना ते तयार होऊन बाहेर आले आणि मुलगी ओरडली, "पप्पा! अर्धी बाटली संपवली? रिक्षावाला वाटेत उतरवून देईल."

"जरासंच तं मारं," ते म्हणाले. ते घरी अहिराणीच बोलतात. शाळेत शिकवायला लागल्यापासून माझी सुटली.

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. अत्तरानं माझे डोळे चुरचुरत होते, आणि हे मात्र मनगट नाकाशी धरून स्वस्थ उभे होते.

कलर मास्तरचं नाक म्हणजे त्याचा अर्धा धंदा. धुतलेल्या कापडाचा कोपरा हुंगून सांगायचं, ॲसिड राहिलं की गेलं. राहिलं तर अख्खा लॉट पुन्हा धुवायचा. लग्न लागलं, जेवणं झाली. दुपारी घरी आल्यावर त्यांना ओट्यापाशी बसवलं, डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली हिंगाची डबी धरली.

"धने," ते म्हणाले.

मग फिनेलची बाटली धरली.

"लवंग?"

तिसरी वस्तू शोधेपर्यंत त्यांनी डोळे उघडले. "ऱ्हाऊ दे. माले वासच येस नही."

"कधीपासून?"

"मागली दिवाळीपाईन."

"मग मिलमध्ये कापड कसं तपासता?"

त्यांनी जीभ बाहेर काढली. कडेला पांढरे चट्टे, मध्ये लाल. ओल्या कापडाचा कोपरा ते जिभेला लावत होते. आंबट लागलं की परत धुवायला पाठवायचं. त्यांना काम शिकवणारा म्हातारा रंगारी असंच करायचा म्हणे. मी मात्र इतके महिने समजत होते की माझ्या भाजीवर राग धरून दूधभात खातात.

"उद्याच डॉक्टरकडे चला."

"सुटी टाकी तं शेठ इचारी. त्याले कळी."

"कळू दे."

"मंग माले मास्तर कोन म्हनी?"

"काका म्हणतील. जीभ गेली तर तुम्हाला ओ द्यायलाही जमणार नाही."

ते हसले नाहीत. मीही बोलायचं म्हणून बोलले. लग्नाची साडी अजून अंगावर होती, पाय भरून आले होते, आणि उद्या वाटायचे पेपर तपासायचे बाकी होते. दिवाळीपासून एका खोलीत झोपणाऱ्या माणसाचं नाक गेल्याचं मला कळलं नाही, याचाही राग होता, पण तो कुणावर काढणार? मी एवढंच म्हटलं, "उद्या सोमवारी तुम्ही शेठला सांगा. नाहीतर मंगळवारी शाळेत रजा टाकून मी येते सांगायला."

बायकोनं मिलच्या गेटवर येणं त्यांना मास्तरकी जाण्याहून वाईट वाटलं असावं. सोमवारी ते रोजच्या वेळेला निघाले.

मधल्या सुट्टीत फोन आला. "सांगी टाकं."

"शेठ काय म्हणाले?"

"म्हने, डोया चांगला शेतस ना, मंग लॅबमां बैस. शेड जुळाड."

म्हणजे बसून रंगाच्या छटा डोळ्यांनी जुळवायच्या. नोकरी राहिली होती, मशीनांचा फ्लोअर गेला होता. डॉक्टरची वेळ मी त्यांना न विचारताच सकाळी घेऊन ठेवली होती. पाचला दवाखान्यात या, असं सांगितलं. ते "हां" म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. मागे मशीन चालू होती, आणि कुणीतरी "मास्तर, मास्तर" म्हणून हाका मारत होतं.

"तुम्हाला बोलावतात," मी म्हटलं.

"नही," ते म्हणाले. "नव्याले बलावतस."