जास्वंदीला जाणारं पाणी

माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पेट्रोल पंप आहे. तिथे सुनंदाताई सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत उभ्या असतात. आईची तब्येत चांगली राहावी म्हणून त्यांच्या लेकीने त्यांना एक बाटली दिली आहे. बाटलीवर रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेशी वेळ लिहिलेली आहे, नऊला इथपर्यंत पाणी प्या, अकराला इथपर्यंत.

दुपारी चारलाही पाणी पहिल्या रेघेच्या वरच असतं. सुटायच्या आधी ताई ते सगळं कुंडीतल्या जास्वंदीला घालतात.

एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "दादा, प्यायलं की जावं लागतं. इथल्या बाथरूमला आतून कडी नाही. आणि रिकामी बाटली बघितली की पोरगी खूश."

"त्रास नाही होत?"

"कंबर दुखते थोडी. उभं राहून राहून होतं तसं."

बोलताना त्यांचा हात कमरेच्या बराच वर, पाठीमागे बरगडीखाली होता. माझा थोरला भाऊ ट्रकवर होता. तोही तिथेच हात ठेवायचा आणि म्हणायचा, बसून बसून होतं तसं. पुढे त्याच्या किडन्या निकामी झाल्या.

शरीर आधी हळू आवाजात सांगतं. आपण त्या दुखण्याला कामाचं नाव देतो आणि त्याला गप्प बसवतो. ते खरंच गप्प झालं की आपल्याला वाटतं, आता बरं आहे.

या उन्हाळ्यात पंपावरच्या बाकीच्या कुंड्या वाळल्या. जास्वंद मात्र गच्च हिरवी आहे. आज तिला सात फुलं आली. त्यातलं एक ताईंनी माझ्या देवासाठी आणलं.

मला ते हातात घेववेना.