फिल्म नाही, मोबाइल आणावा

सकाळचे सव्वादहा. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, खोली क्रमांक सात, एक्स-रे विभाग. दारावर पुठ्ठ्याची पाटी : 'फिल्म नाही. मोबाइल आणावा.'

ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या या पट्ट्यात मी बावीस वर्षे बातमीदारी करतो आहे. रोज सकाळी रुग्णालयात एक चक्कर असते. अपघात, साप, वाघ, जे काही घडते ते आधी इथे कळते. बातमी छापून येते आणि संपते. किस्से मात्र साचत जातात. माझे तर फोनच्या गॅलरीतच साचले आहेत! तिथे माझ्या घरच्यांपेक्षा तालुक्याची हाडे जास्त. बाकीचे फोटो पुसले तरी चालतील. एक छाती मात्र पुसता येत नाही. ती कुणाची, ते मी अजून शोधतो आहे.

*

आधी व्यवस्था समजून घ्या. मशीन उत्तम चालते. हाड पडद्यावर लख्ख दिसते. पण ते छापायची फिल्म कित्येक महिन्यांपासून येत नाही. म्हणून देवानंदभाऊ, आमचे एक्स-रे टेक्निशियन, पेशंटला पडद्याचा फोटो मोबाइलवर काढू देतात. तोच फोटो घेऊन पेशंट डॉक्टरांच्या खोलीत जातो.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा मनगट धरून आला. देवानंदभाऊंनी विचारले, "आजोबा, मोबाइल आणला काय?"

म्हाताऱ्याने बटणांचा फोन पुढे केला.

"याच्यात फोटो नाई येत जी. याच्यात निस्ता आवाज येते."

आणि म्हातारा स्वतःच पुढे म्हणाला, "मंग हड्डीचा आवाजच धाड ना बापू! मोडली तवा चांगला कडकन आला व्हता!"

देवानंदभाऊंनी माझ्याकडे पाहिले. "पत्रकारभाऊ, तुमचा फोन द्या ना जी. पाच मिनिटांचं काम हाय."

ते पाच मिनिटांचे काम अजून चालू आहे.

*

एका नातवाने आजोबांच्या गुडघ्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता, कुणी बरा हाडाचा डॉक्टर सुचवेल म्हणून. पण काळ्या पडद्यावर पांढरे काहीतरी दिसल्याबरोबर लोकांनी आपापला अर्थ लावला. दुपारपर्यंत सतरा जणांचे अभिनंदन आले. एका मावशीने विचारले, "कितवा महिना?"

आजोबांनी मेसेज वाचून घेतले आणि नातवाला म्हणाले, "आता लोकाइले सांगून दे, माह्या घुटन्याचं बारसं कवा हाय!"

*

मोहफूल वेचायला गेलेली एक बाई वाघ दिसला म्हणून आणि पळताना पडली म्हणून आली. बरगड्यांना मार. देवानंदभाऊंनी तिला मशीनसमोर उभे केले आणि रोजच्यासारखे म्हणाले, "बाई, श्वास रोखा. अजिबात हलू नका."

बाई अशी उभी राहिली की पापणीसुद्धा लवली नाही. फोटो एका फटक्यात निघाला. देवानंदभाऊ खूश झाले. "वा! असा पेशंट पाह्यजे! कुठी शिकल्या?"

"वाघापुढं अर्धा घंटा हेच करून राह्यली व्हती, बाबू. तो गेल्यावर मंग पळाली ना मी!"

*

डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत, आणि एकटे आहेत. दिवसभर परक्यांच्या फोनवर बोटे फिरवून हाडे मोठी करून पाहतात. एकदा एका गुराख्याचा पाय पाहताना बोट जरा जास्त सरकले आणि पडद्यावर शेळी आली.

"हे काय?"

"शेळी व्हय, सर."

"ते दिसतंय मला. पण ती इथे काऊन?" आमच्याकडे राहून डॉक्टरही 'काऊन' म्हणू लागले आहेत!

"तिचाही पाय मोडला ना जी. एकाच खड्ड्यात पडलो आम्ही दोघं. आता फोटो आलाच हाय समोर, त पाहून घ्या!"

डॉक्टरांनी पाहिला. दोघांनाही वीस दिवस आराम सांगितला.

*

शेजारची आठ नंबरची खोली सोनोग्राफीची. मशीन आले, हार घातला गेला, फोटो छापून आला; तो मीच काढला होता, कबूल करतो. पण कायद्याप्रमाणे ते चालवायची परवानगी असलेला डॉक्टर नेमला गेला नाही, म्हणून खोलीला सील लागले. पोटुशा बाया आजही जीपमध्ये दाटीवाटीने बसून ब्रह्मपुरीला जातात.

तपासणीला साहेब आले. रजिस्टर उघडले. तपासण्या : निरंक. बिघाड : निरंक. तक्रारी : निरंक. साहेबांनी समाधानाने मान हलवली.

मला राहवले नाही. "साहेब, मशीन आल्यापासून एकदाही चाललेले नाही!"

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले, "म्हणून तर बिघडलेलं नाही!"

*

मी बातमी केली. चार कॉलम. 'फिल्मविना एक्स-रे, रुग्णांच्या जिवाशी खेळ.' जिल्ह्याच्या कार्यालयात फोन करून भांडलो. तिकडून उत्तर आले, "फोटो निघतोय ना? मग सेवा सुरू आहे."

पण बातमीचा परिणाम झाला! आठवड्याभरात रुग्णालयात हालचाल दिसली, एक पेंटर डबा-ब्रश घेऊन आला. पुठ्ठ्याची पाटी गेली. तिच्या जागी पत्र्याची, निळ्या अक्षरांची पाटी लागली :

'डिजिटल सेवा. मोबाइल आणावा.'

*

आणि आता ती छाती.

बांबू तोडायला भामरागडकडून आलेले चार मजूर एका सकाळी जीपने आले. चौघांनाही महिन्याभराचा खोकला. मोबाइल कुणाकडेच नाही. देवानंदभाऊंनी नेहमीप्रमाणे माझ्यापुढे हात केला. मी चारही छात्यांचे फोटो काढले. चांगले काढले. बावीस वर्षांची सवय. कडेची अक्षरे, आकडे, फालतू सगळे चौकटीबाहेर ठेवले. डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेले होते. "उद्या या," असे चौघांना सांगितले. त्यातला एक हसून म्हणाला, "उद्या आलो त आजच्यासारखा उद्याचाही रोज बुडते, दादा."

चौघे परत आले नाहीत. दोन दिवसांनी डॉक्टर भेटले. मी फोन त्यांच्या हातात दिला. पहिली छाती ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या फोटोवर बोट थांबले. उजव्या फुप्फुसात वर पांढरा डाग होता. त्यांनी तो मोठा केला, पुन्हा मोठा केला.

"याला आजच्या आज बोलवा. थुंकी तपासू, औषध सुरू करू. बरा होईल. पण उशीर नको, बरोबरच्या तिघांनाही लागेल. नाव काय याचं?"

नाव पडद्याच्या कडेला होते. कडेची अक्षरे मी चौकटीबाहेर ठेवली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका छापल्या, आणि फोटोखाली नाव नाही, ते माझ्याच!

देवानंदभाऊ मशीनकडे धावले. मशीनची जागा भरली की ते जुने आपोआप पुसते. पुसले होते.

"रजिस्टर!" डॉक्टर ओरडले.

रजिस्टरात चारही नावे होती, पण एकदमच लिहिलेली, फोटोंच्या क्रमाने नव्हे. गावाच्या रकान्यात चौघांपुढे एकच शब्द : बांबूतोड. पण मोबाइल क्रमांकाचा रकाना भरलेला होता! डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. माझा फोन एका हातात तसाच धरून त्यांनी टेबलावरच्या फोनवरून तो नंबर लावला.

त्यांच्या हातातला माझा फोन वाजू लागला. छाती दिसेनाशी झाली आणि पडद्यावर नाव आले : ग्रामीण रुग्णालय.

"ज्या मोबाइलवर फोटो, त्याचा नंबर लिहा, असाच नियम हाय ना सर," देवानंदभाऊ हळूच म्हणाले.

त्याच दुपारी मी बांबूच्या कूपावर, जंगलातल्या तोडीच्या जागी, गेलो. तीन दगडांची चूल होती, थंड. ठेकेदार म्हणाला, "ते त काल गेले. कुठी गेले, मले काय मालूम?"

चार नावे आणि तो फोटो जोडून मी जिल्ह्याच्या कार्यालयाला पत्र दिले. या माणसाला कोण शोधणार, एवढेच विचारले. लेखी उत्तर आले : 'सदर मोबाइल शासकीय नसल्याने कार्यवाही करता येत नाही.'

चौघांपैकी एकाच्या उजव्या फुप्फुसात डाग आहे. कोणाच्या, ते आजपर्यंत कोणीही सांगितलेले नाही.