मागचा डावा स्पीकर

रविवार, दिवाळीनंतरचा. सकाळी अकरा. हजर : मी, माझा नवरा, आमची मुलगी आणि दुकानदार. काम : कॉम्प्युटरला जोडायच्या सराउंड स्पीकरची निवड.

वहीत एवढंच आहे. खरेदी कुठलीही असो, मी ती अशी लिहून ठेवते. त्या दिवशी पुढचं लिहिलं नव्हतं.

नवरा बोटीवर फिटर आहे. बावीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने मिरजोळ्यात आमच्या घरी. या सुट्टीत स्पीकर घ्यायचे हे आधीच ठरलं होतं. मुलीला गेमसाठी हवे होते, कारण मागून येणाऱ्याची पावलं कुठल्या बाजूची ते कळलं पाहिजे. त्याला सिनेमे बघायचे होते. मला गाणी, तबला आणि पेटी एकमेकांत कालवलेली ऐकू येऊ नयेत एवढंच माझं मागणं.

मी खोली मोजली. खुर्चीपासून मागची भिंत सहा फूट, म्हणजे मागचे दोन स्पीकर बसतात. भिंत चिऱ्याची, त्यात स्क्रू चार महिन्यांत सैल होतो, म्हणून उभे स्टँड हवेत. खाऱ्या हवेत लोखंडी जाळी गंजते, ती नको. एवढी यादी घेऊन आम्ही दुकानात गेलो.

दुकानदार नवऱ्याच्या ओळखीचा. त्याने तीन संच लावून दाखवले. नवरा प्रत्येक डब्यावर तळवा टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "याचा खर्ज मोकळा आहे. त्या दुसऱ्याचा डबाच थरथरतोय."

"दादा, तुम्हाला मी काय शिकवणार?" दुकानदार म्हणाला. "वहिनी, जाणकार माणूस घरात आहे तर यादी कशाला आणलीत?"

"यादी नसती तर तुम्ही तिन्ही संच गळ्यात मारले असते," मी म्हटलं.

बोटीवर बेअरिंगचा आवाज कसा तपासतात ते नवऱ्याने मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला. त्यामुळे हात लावून ऐकणं मला त्याच्या कामाचाच भाग वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

यादीत शेवटची अट होती : प्रत्येकाने मधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसायचं, आवाज ज्या स्पीकरमधून येईल तिकडे बोट दाखवायचं. किमतीचा आणि चकचकीत दिव्यांचा प्रभाव पडू नये म्हणून. मुलीने पाचही बरोबर दाखवले. माझा एक चुकला. मग नवरा बसला. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, बरोबर. मागचा उजवा, जरा उशिरा. मागच्या डाव्यातून आवाज आला आणि त्याचा हात गुडघ्यावरच राहिला.

दुकानदाराने वायर तपासली. पुन्हा लावलं. हात गुडघ्यावर.

"बाबा झोपले!" मुलगी हसली.

तिसऱ्या वेळी त्याने एक डोळा किलकिला केला. आम्ही तिघंही मागच्या डाव्या स्पीकरकडे बघत होतो. त्याने बरोबर तिकडे बोट केलं.

"मघाशी वायर सैल होती," तो म्हणाला.

"असेल, दादा," दुकानदार म्हणाला. वायर घट्ट होती, मी पाहिली होती.

मधल्या किमतीचा संच घेऊन आम्ही घरी आलो. मुलगी बाहेर खोकी उघडत होती. मी स्वयंपाकघरात त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि हळूच विचारलं, "चहा घेणार?" तो ओट्याकडे बघत राहिला. मग समोर जाऊन विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं. डाव्या कानात शिट्टी वाजते फक्त."

"आणि बोटीवर जाण्याआधीची मागची मेडिकल?"

"कान तपासतात त्या खोलीला काच असते गो. तपासणारा बाहेर बसतो. त्याचं बोट काचेत दिसतं. त्याने सुराचं बटण दाबलं की मी माझं दाबतो."

बाकीचं त्याने स्वतःहून सांगितलं. आग लागली की इंजिनरूममध्ये ती विझवायला जीव गुदमरवणारा गॅस सोडतात, त्याआधीचा भोंगा मागच्या खेपेला झाला. तो पंपामागे काम करतच राहिला. सोबतच्या माणसाने कॉलर धरून ओढत बाहेर काढला. खोटा भोंगा होता, म्हणून त्यावर बोटीत हशा झाला.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"गेलो तर कागद होणार. कागद झाला की बोट संपली. बावन्नाव्या वर्षी मी इथे काय करू? हिचं कॉलेज पुरं होऊ दे. एकच खेप."

"आणि भोंगा खरा असला तर?"

तो बाहेर मुलीजवळ जाऊन खोकी उघडू लागला. बारा दिवसांनी मुंबईत मेडिकल होती. या वेळी काचेत बोट दिसेलच असं नाही, म्हणून त्याने मला सराव घ्यायला सांगितला. आणि मी घेतला. मुलगी कॉलेजला गेली की दुपारी तो उजव्या कानात कापसाचा बोळा घालून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसायचा. मी एकेका स्पीकरमधून बारीक सूर सोडायची आणि तो माझं बोट न बघता, दोन सुरांमधला वेळ मनात मोजून हात वर करायचा. तिसऱ्या दुपारी दहापैकी सात बरोबर आले. ऐकलेला त्यातला एकही नव्हता. मी बरोबरच्या खुणा करत गेले. नीटनेटकं काम करायची माझी सवय मला तेव्हा प्रथमच किळसवाणी वाटली.

मेडिकलच्या दिवशी त्याचा फोन आला. "झालं गो. फिट."

"बरं," मी म्हटलं. पंधरवड्यात तो बोटीवर गेला.

त्याला आता दोन महिने झाले. स्पीकर चांगले निघाले. मुलगी संध्याकाळी गेम लावते. मागच्या डाव्यातून पावलं आली की ती झटकन खुर्ची फिरवते, आणि मी हातातलं काम टाकून आत जाते. मी गाणी अजून लावलेली नाहीत. व्हिडिओ कॉलवर तो माझ्या ओठांकडे बघतो, हे मला आता कळतं.

त्याला बोटीवर पाठवणाऱ्या मुंबईच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे आहे. काय बोलायचं ते तीन ओळींत लिहिलं आहे : डावा कान गेला आहे, तपासणी खरी नव्हती, त्याला पुढच्या बंदरात उतरवा. सरावाचं चौथ्या ओळीत लिहायला हवं. त्याआधी मुलीला सांगायला हवं. आज शुक्रवार. ऑफिस साडेपाचला बंद होतं. मुलीला सांगितलेलं नाही, फोनही केलेला नाही.