बूट गॅरेजमध्येच

मुलीने मिलिटरी कॉलेजात जायचं ठरवलं तेव्हा मला राग आला आणि तो वर्षभर उतरला नाही. पुण्याहून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो, वीस हिवाळे बर्फ उपसला, तो काय पोरीने कुणाच्या तरी हुकमावर पळावं म्हणून? ती सतराची, त्यामुळे फॉर्मवर माझी सही लागत होती. सही केली, पण पेन टेबलावर आपटला आणि सांगून टाकलं, "सोडायला मी येणार नाही. आईला घेऊन जा."

"ओके," ती म्हणाली. तिचं हे 'ओके' माझ्या डोक्यात जातं.

मे महिन्यात कॉलेजची यादी आली. पांढरे टीशर्ट, काळे मोजे, चामड्याचे काळे बूट. बूट कोरे आणू नका, आधी वापरून मऊ करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पाय सोलवटतील, असं त्यात लिहिलं होतं. बायकोने बूट आणले. मुलगी ते घालून स्वयंपाकघरात आली आणि मी ओरडलो. आमच्याकडे चपला दाराशी सुटतात. प्लंबरलासुद्धा मी बूट काढायला लावतो.

"बाबा, रोज दोन तास घालायचेत. मग ड्राइव्हवेवर वॉक करू?"

"नको. समोरच्या काकू विचारतील. गॅरेजमध्ये जा."

काकूंनाच काय, ओळखीच्या सगळ्यांना मी 'ईस्ट कोस्टला इंजिनिअरिंगला चाललीये' एवढंच सांगितलं होतं, आणि खरं कुणाला सांगायचं नाही असं तिलाही बजावलं होतं. इतरांची मुलं कॉम्प्युटर शिकायला निघालेली, आणि मी काय सांगणार होतो?

मला वाटलं वाद घालेल. ती गेली. जून-जुलैच्या उकाड्यात, दार बंद करून, गाडीभोवती गोल गोल चालत राहिली. मी घरून काम करतो, माझं टेबल गॅरेजच्या भिंतीच्या अलीकडे. मीटिंग चालू असताना तो ठक ठक आवाज यायचा आणि माझं टाळकं सरकायचं. शेवटी मी मोठे हेडफोन विकत आणले. गॅरेजमध्ये मात्र एकदाही डोकावलो नाही.

जुलैत एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याने तिला सहज विचारलं, "कुठली ब्रँच घेतेयस, मेकॅनिकल?"

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, बाबाला विचारा ना," म्हणाली आणि पाणी आणायला उठली. मी काहीतरी पुटपुटून विषय बदलला. परतताना गाडीत मी तिच्यावरच भडकलो, सरळ उत्तर द्यायला काय झालं होतं म्हणून.

"खोटं मला बोलायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं नाही ही ऑर्डर तुझी होती. मी फॉलो केली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला आणखी राग आला.

निघायच्या सकाळी ती बूट गॅरेजच्या पायरीवर ठेवून अनवाणी आत आली. देवाला नमस्कार केला, मग माझ्या पाया पडायला वाकली. तिच्या दोन्ही टाचा मला तेव्हा दिसल्या. जुन्या खपल्या, त्यांवर नव्या, आणि एक बँडएड अर्धवट निघालेलं. दोन महिने भिंतीपलीकडे हे चाललं होतं आणि मी कानांवर हेडफोन चढवून बसलो होतो. मला संताप आला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तो तिच्यावर नव्हता.

"बूट घाल आणि आत ये," मी म्हणालो. "इथे, देवासमोर." प्रेमाने म्हणायचं होतं, निघालं ते खेकसल्यासारखं.

"नको, बाबा. घरात बूट नाही."

ती गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसली. मी बायकोच्या हातातली किल्ली घेतली आणि मागोमाग गेलो. सिमेंटवर गाडीभोवती तिच्या बुटांच्या तळांचा काळा पट्टा उमटला होता.

"सोडायला मी येतोय," मी म्हणालो.

"ओके," ती म्हणाली. नाडी बांधत होती. मान वर केली नाही.