चेन मागवली, रबर आलं

सर्व्हिसची शेवटची काही वर्षं मी पुण्यात होतो. पुणे म्हणजे पीस पोस्टिंग, सीमेपासून लांब. सासुरवाडीला वाटायचं, जावई आता नुसता खातो आणि झोपतो. प्रत्यक्षात सकाळी पीटी, मग परेड, मग मशीन शेडमध्ये ग्रीस आणि डिझेल. आमची इंजिनिअर रेजिमेंट, मी हवालदार. माझ्या हाताखाली लोडर, डोझर आणि ते चालवणारे जवान. त्यांतला एक नायक दिगंबर ढोले. यवतमाळकडचा, बारीक चणीचा, बोलका, आणि मशीनच्या बाबतीत भलताच काटेकोर. बकेटला माती राहिली तर जेवायला जायचा नाही.

आता रिटायर होऊन मी हडपसरला भाड्याच्या मशीनच्या यार्डात बसतो. रोज कुणीतरी विचारतं, छोट्या लोडरला लोखंडी पट्टा बरा की रबरी? परवा नारायण पेठेतले एक गृहस्थ आले. म्हणाले, "अहो, कमी आवाजाचं द्या. आमची भांडणं शेजारी आधीच फुकट ऐकतात, त्यात मशीनची भर नको." त्यांना रबरी दिलं. उत्तर तसं सोपं असतं. डांबर, फरशी, बाग असेल तर रबरी. जमिनीवर भार कमी, हादरा कमी. दगड, पाडकाम, सळया असतील तर लोखंडी. ते खणखणाट करतं, कंबर मोडतं, रस्ता उखडतं, पण कापलं जात नाही. एवढं सांगतो आणि गप्प बसतो. पुढचं सांगायचा आता कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कात्रजच्या बाजूला डोंगर कापून इमारतींचं काम चाललं होतं. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. एका सकाळी साइटची मोठी संरक्षक भिंत मजुरांच्या खोल्यांवर आली. प्रशासनाने मदत मागितली, आमच्या कॉलमला, म्हणजे मदतीच्या तुकडीला, ऑर्डर आली. हातातला चहा तसाच ठेवून निघालो.

पोचलो तेव्हा बाकीचे लोक बाहेर आले होते. एक बाई आत होती. जिवंत होती, हाक दिली की ओ देत होती. पायावर सिमेंटचा बीम पडलेला. आणि अर्धी भिंत अजून वरच्या अंगाला उभी, भेगाळलेली. मोठी मशीन लावली असती तर तीही खाली आली असती.

कॅप्टन साहेबांनी सगळं फिरून पाहिलं. म्हणाले, "छोटा लोडर चाहिए. चेनवाला."

आमचा त्या मापाचा लोडर वर्कशॉपमध्ये खोलून ठेवलेला. साइटच्या इंजिनिअरने तिथूनच ओळखीच्या ठेकेदाराला फोन लावला. "छोटी मशीन पाठवा. चेनवाली. लगेच."

आता इथे गंमत बघा. गंमत कसली, कर्म आमचं! आमच्या शेडमध्ये चेन म्हणजे लोखंडी पट्टा. रबरीला आम्ही रबरच म्हणायचो. पण पुण्याच्या मशीनवाल्यांकडे टायर नसलेलं सगळंच चेनवालं. ट्रकवरून लोडर उतरला तो रबरी. पट्ट्याच्या खाचांत कुठल्याशा सोसायटीची हिरवळ अडकलेली होती.

ढोलेने भोवती एक चक्कर मारली. अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला.

"उस्ताद, हे तं रबर आहे. सळई घुसली तं पट्टा गेला समजा."

"दुसरं मागवू?"

"किती वेळ लागन?"

साइटचा इंजिनिअर मध्येच म्हणाला, "रस्ता तुंबलाय. दुपार होईल."

ढोलेने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा ढिगाऱ्याकडे. मग मशीनवर चढला. मी थांब म्हणालो नाही, आणि तोही माझ्या तोंडाकडे बघत बसला नाही.

अशा कामाची एक पद्धत असते. थोडा ढिगारा काढायचा, शिट्टी वाजली की इंजिन बंद, सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं आणि ऐकायचं. पहिल्या शिट्टीला ढोलेने केबिनमधूनच हाक मारली.

"ताई, नाव काय तुमचं?"

"शेवंता."

"गाव?"

"पुसदकडचं."

"घ्या! म्हणजे आपल्याच इकडच्या. बोलत राहजा, शेवंताताई. झोपाचं नाही."

त्यानंतर दर शिट्टीला तेच. "शेवंताताई!" आणि आतून बारीक "ओ". मध्ये एकदा ती म्हणाली, "भाऊ, जीव घाबरते." हा म्हणाला, "माहा पण घाबरते. त्याच्यानं काय होते? जेवल्या होत्या का सकाळी?" आमचे जवान चिखलात उभे राहून हसले. बऱ्याच वेळाने हसले.

आणि खरं सांगतो, ते काम रबरानेच होऊ दिलं. मशीन ढिगाऱ्यावर मांजरासारखं चढत होतं. भिंतीच्या भेगांतून माती गळत होती, तीही थांबली होती. लोखंडी पट्टा असता तर त्या खडखडाटाने ती भिंत पहिल्याच फेरीत बसली असती, असं मला वाटतं. वाटतं म्हणतो, कारण हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की खरं किती आणि सोयीचं किती, ते आता मलाच कळत नाही.

शेवटी बीम मोकळा झाला. ढोलेने बकेटची कड त्याखाली घातली आणि सावकाश उचलला. आमचे दोघे जवान आडवे होऊन आत सरकले. तेवढ्यात माझ्या वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला.

"उस्ताद, डाव्या पट्ट्यात सळई घुसली. पट्टा फाटून राहिला. मशीन घसरून राहिलं."

कॅप्टन साहेबांनी सेट माझ्या हातातून घेतला. "ढोले, बाहर आ जाओ."

"साब, बाई अंदर है."

"बाहर आओ! ऑर्डर है."

"साब, मैं उठा तो बीम उस पे बैठेगा. थोडा टाईम दीजिए."

तो बरोबर बोलत होता, हेच तर वाईट. डावा पट्टा गेलेला, उतारावर मशीन फक्त उजव्या पट्ट्याच्या जोरावर तगून होतं. लिव्हर सोडली असती तर मशीन मागे आणि बीम खाली. साहेबांनी सेट माझ्या हातात परत दिला. आत आमचे जवान ओरडत होते, "आली, आली, ओढ!" शेवंताबाई बाहेर आल्या. चिखलाने माखलेल्या, डोळे गच्च मिटलेले. मी ओरडलो, "ढोले, निघाली! सोड, ये बाहेर!"

त्याने हात वर केला. मला दिसला तो हात. त्याच क्षणी फाटलेला पट्टा चाकावरून उतरला, मशीन डावीकडे वळलं आणि मागच्या बाजूने भिंतीला जाऊन लागलं. फार जोरात नाही. पण भिंतीला तेवढं पुरलं.

आम्ही त्याला हातांनी काढलं. तोपर्यंत काही उरलं नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. ठेकेदाराला बोलावलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, चेन मागितली, चेनच दिली." त्याच्यावर चिडावं तर कशासाठी? त्याच्या भाषेत त्याचं बरोबर होतं, आमच्या भाषेत आमचं. ढोलेच्या गावी सलामी दिली, तिरंगा घडी करून त्याच्या आईच्या हातात दिला. ती माउली आम्हाला जेवून जा म्हणाली.

पुण्यात परतल्यावर मी हॉस्पिटलमध्ये शेवंताबाईंना भेटायला गेलो. पाय वाचला होता. मला पाहून उठून बसायला लागल्या.

"साहेब, तो भाऊ नाही आला? माह्या नावानं सारखा हाका मारत होता."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगितलं. फिरवून सांगायला जमलं नाही.

"मले त्याचं नावच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "माहं विचारलं त्यानं. म्या त्याचं विचारलंच नाही."

"दिगंबर," मी म्हणालो. "नायक दिगंबर ढोले."

त्यांनी ओठांतल्या ओठांत ते दोनदा म्हणून पाहिलं. मग मान वर करून, भर वॉर्डात, होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "दिगंबरभाऊ!"

नर्स धावत आली. मी तिला हातानेच थांबवलं.