आबांच्या पाठीखाली फाळका

दिवाळीनंतर शिरपूरजवळच्या आमच्या शेतात कापसाची ट्रॉली भरणं चाललं होतं. भरत होते बाकीचे. मी धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून शेतात माझ्याकडे फक्त चहाचं काम. माझे वडील, म्हणजे आबा, ढिगावर चढून कापूस तुडवत होते. या वयात वर चढू नका, हे सांगून आम्ही थकलो होतो. त्यांचा पाय घसरला आणि ते पाठीवरच खाली आपटले.

सगळे धावले. कुणी त्यांना बखोटीला धरून बसवायला लागलं. "हात लावू नका!" मी ओरडले. वर्गातला आवाज शेतात पहिल्यांदाच कामी आला. आबांना पायाची बोटं हलवायला सांगितली. उजव्या पायाची हलली, डाव्याची हलली नाहीत.

काका म्हणाले, "बठ्ठा मिळीसन उचला. कापूसवर टाका, मऊ शे, धक्का लागनार नही."

मिळून उचलून कापसावर टाकायचं, हे सगळ्यांना पटलं. मऊ म्हणजे सुखाचं, एवढंच आमच्याकडे कळतं. पण हाडं नुसतं शरीर उभं धरत नाहीत. पाठीच्या मणक्यांमधून मज्जारज्जू जातो, त्यालाही तीच जपतात. मणका मोडलेला असला आणि माणूस मऊ ढिगात मधोमध खचला, तर तेच हाड आत रुतू शकतं. मग पाय कायमचे गेले.

"मागचा फाळका काढा," मी म्हणाले. ट्रॉलीत तेवढीच एक सपाट, कडक फळी होती. ती काढली की भरलेला कापूस खाली.

"येडी व्हयनी का? माल मातीमा जाई!" काका खवळले.

जमिनीवर पडलेले आबासुद्धा पुटपुटले, "कापूस नका सांडू, पोरी." मला त्यांचा असा संताप आला! मी स्वतः खिट्टी उपसली. पांढरा ढीग भसकन मातीत ओघळला.

आबांचं डोकं मी धरलं, बाकीच्यांनी खांदे, कंबर, पाय. पाठ वाकू न देता त्यांना कुशीवर केलं, खाली फाळका सरकवला, कापूस वेचायच्या जुन्या साड्यांनी बांधलं. शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये मी धुळ्यापर्यंत ते डोकं सोडलं नाही. प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरवर ओरडत होते. आबा गप्प होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

एक्स-रेत कमरेचा मणका चेपलेला दिसला. मज्जारज्जूचं काय, ते अजून कळायचं होतं. डॉक्टरांनी डाव्या तळव्याला सुई टोचली. काही नाही. पुन्हा टोचली. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी या वेळी जरा जोरात टोचली.

"टोचस ना भो!" आबा खेकसले, आणि पुढे त्यांनी अशी काही शिवी हासडली, की मी हुंदके देत देत डॉक्टरांची माफी मागत राहिले.